एकोणीस एकांचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा आधी शाळेची घंटा, मधली सुट्टी आणि पावसाळ्यात गळणारी व्हरांड्याची कौलं आठवली. पण त्यावर माझ्याहून चांगलं लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. म्हणून मी एका संख्येचा इतिहास लिहायचं ठरवलं. त्याला एक कारण आहे. या संख्येपायी आपण सगळे एका वर्गमित्राला हसलो होतो, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

१९८१ साल, नववीचा वर्ग, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा. परीक्षा संपली होती, शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गणिताचे सर आले आणि त्यांनी फळ्यावर एकाखाली एक ओळी लिहिल्या: ११, १११, ११११, १११११... नुसते एक. मग विचारलं, "यांतल्या मूळ संख्या कोणत्या?"

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच निःशेष भाग जात नाही ती. ११ मूळ, हे सगळ्यांना पाठ होतं. १११ मध्ये अंकांची बेरीज ३, म्हणून तिनाने भाग जातो: ३ × ३७. चार एक म्हणजे ११ × १०१. एकांची संख्याच संयुक्त असेल तर ओळ हमखास फुटते, हे लवकर लक्षात आलं. सहा एकांत तीन एक दोनदा बसतात, नऊ एकांत तीनदा. मग मी हात वर करून सांगितलं, "सर, एकांची संख्या मूळ असेल तर तीनचा अपवाद सोडून सगळ्या मूळ." सर म्हणाले, "पाच एकांना ४१ ने भागून बघ." भागलं. उत्तर २७१, बाकी शून्य. सात एकांना २३९ ने भाग गेला, उत्तर ४६४९. मग सरांनी आपल्या वहीतून पुढच्या दोन ओळींचे अवयव उतरवून दिले:

११ एक = २१६४९ × ५१३२३९
१३ एक = ५३ × ७९ × २६५३७१६५३

"सतरा एकही फुटतात," सर म्हणाले, "पण एकोणीस एक फुटत नाहीत. ती मूळ संख्या आहे. मात्र मी सांगतो म्हणून लिहून घेऊ नका. कुणीतरी ते सिद्ध केलंय, म्हणून ते खरं आहे."

सुट्टी संपल्यावर मागच्या बाकावरचा आपला एक मित्र उभा राहिला. नाव लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते कळेलच. इंग्रजीत काठावर पास होणारा, वडिलांना कामात मदत करून शाळेत येणारा. त्याने सुट्टीत एका शंभरपानी वहीत भागाकार केले होते. तो म्हणाला, "सर, जितके एक, त्याची दुप्पट घ्यायची. प्रत्येक अवयवाला त्या दुपटीने भागलं की बाकी एकच उरते." पाच एकांची दुप्पट १०, ४१ आणि २७१, दोन्हींत बाकी १. सातांची दुप्पट १४. २३९ आणि ४६४९, बाकी १. तेरांची २६, ५३ आणि ७९, बाकी १.

मी वर्गाचा मॉनिटर. लगेच उठून म्हणालो, "मग १११ चं काय? त्यात ३ आहे. तिनाला सहाने भागून बाकी एक येते का?" नाही येत. वर्ग हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "काय रं, वही वाया घालवलीस की!" तो खाली बसला. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "वही टाकू नकोस. नियम कुठं मोडतो ते कळलं, आता का मोडतो ते शोधायचं." पण ते शोधणं राहून गेलं. दहावीनंतर तो उद्यमनगरात लेथवर उभा राहिला आणि मी कॉलेजला गेलो.

आता या संख्येचा इतिहास.

एकोणीस एक आपल्या पद्धतीने लिहिले तर असे दिसतात: ११,११,११,११,११,११,११,११,१११. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपली संख्या एकोणीस अंकी, म्हणजे त्या यादीच्या एक घर पुढे जाते. एवढी मोठी संख्या मूळ आहे हे नुसत्या भागाकाराने ठरवायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. अशा संख्या पाच कोटींहून अधिक आहेत. मिनिटाला एक भागाकार धरला आणि रात्रंदिवस बसलं तरी शंभर वर्षं लागतील.

तरीही हे काम यंत्रांचं युग येण्याआधी झालं. न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप्पे यांनी १९१६ साली एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता छापली आणि १९१८ साली ती लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे गेली. तिकडे हे चाललं होतं त्याच सुमारास, १९१७ साली, आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आज्या-आजोबांच्या हातात पहिल्यांदा पाटी आली ती त्या हुकुमामुळे, आणि ती पाटी आली म्हणून साठ-पासष्ट वर्षांनी लेथवाल्याच्या घरातल्या पोरापुढे ती संख्या आली, हे मला विसरता येत नाही.

एकांच्या ओळींचं वेड महाराष्ट्रात ज्यांनी रुजवलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हेही शाळामास्तरच. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना एक प्रकारच्या संख्या सुचल्या. त्यांना त्यांनी जी.आय.पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या डेमलो स्थानकाचं नाव दिलं. डेमलो संख्येत डावीकडचा आणि उजवीकडचा भाग मिळवला की मधला अंक मिळतो: १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६, २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. त्यांतल्या सगळ्यांत देखण्या संख्या एकांच्या ओळींच्या वर्गातून येतात: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचे येतात आणि रांग विस्कटते.

१९२७ साली कापरेकरांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. १९३९ साली प्रा. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी डेमलो संख्यांवरचा शोधनिबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली: कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे मात्र नकोत, उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि तेच पुन्हा पुन्हा करा, सात वेळांच्या आत ६१७४ येते. पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तराचे हे उद्योग अनेक विद्वानांनी मनावर घेतले नाहीत, काहींनी थट्टाही केली. बरंचसं लेखन त्यांनी पदरच्या पैशांनी पुस्तिका काढून छापलं. १९६६ साली पत्नी गेल्यानंतर पेन्शन पुरेना, तेव्हा उतारवयात शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाला देवळाली माहीत झाली. १९८६ साली कापरेकर गेले. आमच्या सरांच्या वहीत एकांच्या ओळी कुठून आल्या असतील, याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

गणिताच्या बाबतीत कोल्हापूरही मागे नाही. सापेक्षतावादाचे अभ्यासक विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ साली इथेच जन्मले, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ साली, आणि जयंत नारळीकर १९३८ साली. जयंतराव बनारसला वाढत असताना त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, घरातल्या फळ्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत तसंच राहू देत. आपल्या वर्गात मात्र फळा त्याच दिवशी पुसला गेला.

त्या फळ्यावरचं उत्तर आज इथे लिहितो. ते मला फार उशिरा, पन्नाशी उलटल्यावर कळलं. आपल्या मित्राचा नियम खरा आहे. योगायोग नाही, सिद्ध झालेला नियम आहे. कारणही नववीच्या गणितात बसतं.

आवर्ती दशांश आठवा. १ ला १३ ने भागलं की ०.०७६९२३ ०७६९२३... असा सहा अंकांचा गट फिरून फिरून येतो. हा भागाकार करताना बाक्या येतात १, १०, ९, १२, ३, ४ आणि पुन्हा १. आता २ ला १३ ने भागा; बाक्या येतात २, ७, ५, ११, ६, ८ आणि पुन्हा २. तेराने भागताना येऊ शकणाऱ्या बाराही बाक्या अशा सहा-सहाच्या दोन गटांत वाटल्या गेल्या. प्रत्येक मूळ संख्येचं असंच होतं. २ आणि ५ सोडा, कारण तिथे दशांश संपतो. गट नेहमी सारख्या लांबीचे पडतात, म्हणून फिरणाऱ्या गटाची लांबी मूळ संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागते. फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी १६४० साली एका पत्रात लिहिलेल्या नियमाचाच हा एक चेहरा आहे.

आता समजा, एखाद्या मूळ संख्येने एकोणीस एकांना भाग जातो. मग एकोणीस नवांनाही जाईल. याचा अर्थ तिने १ ला भागलं तर दशांशातले अंक दर एकोणीस अंकांनी तेच ते येतील. एकोणीस ही मूळ संख्या, त्यामुळे फिरणारा गट एकोणीस अंकांचा तरी असेल किंवा एकाच अंकाचा. एकाच अंकाचा गट मूळ संख्यांमध्ये फक्त तिनाला मिळतो: ०.३३३... म्हणजे तीन हा सगळ्या मूळ संख्यांमध्ये एकटाच वेगळा. मी ज्या तिनाकडे बोट दाखवून नियम मोडला होता, तो नियमाचा एकमेव अपवाद होता! एकोणीस एकांच्या अंकांची बेरीज १९, तेव्हा तिथे तिनाने भाग जातच नाही. म्हणून गट एकोणीस अंकांचा, आणि अवयवातून एक वजा केला तर बाकीला १९ ने भाग जायलाच हवा. ती बाकी समही असणार. म्हणून ३८. एकोणीस एकांना अवयव असलाच तर त्याला ३८ ने भागून बाकी १ उरली पाहिजे.

या एका वाक्याने काम किती हलकं होतं ते बघा. पाच कोटींपैकी जेमतेम अठरावा भाग, म्हणजे तीस लाखांच्या आसपास मूळ संख्या तपासायला उरतात. पहिली १९१, मग २२९, मग ४१९. शंभर वर्षांची पावणेसहा वर्षं झाली. नववीतल्या मुलाच्या वहीतला नियम चौऱ्याण्णव वर्षं वाचवतो.

त्याहून जवळची वाटही पुढे सापडली. अमेरिकेच्या डेरिक हेन्री लेहमर यांनी १९२७ साली दाखवलं की संख्या मूळ आहे का हे तिच्या आधीच्या संख्येचे सगळे अवयव हाती असतील तर थोड्या आकडेमोडीत ठरवता येतं. एकोणीस एकांतून एक वजा करा: अठरा एक आणि एक शून्य राहतं. आणि अठरा एक तर भराभर फुटतात: ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. न फुटणाऱ्या संख्येची शेजारीण इतकी भुसभुशीत असावी, याची मला अजूनही मौज वाटते.

एकोणीस एक मूळ ठरले की त्यातून आणखी एक गोष्ट निघते. १ ला या संख्येने भागलं तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं आणि एक नऊ, आणि हेच पुन्हा पुन्हा. बरोबर एकोणीस अंकांचा गट देणारी दुसरी मूळ संख्या नाही. लहान संख्यांमध्ये असा एकटेपणा ३, ११, ३७ आणि १०१ यांच्या वाट्याला आला आहे. पाच अंकांचा गट मात्र ४१ आणि २७१ अशा दोघांना वाटून घ्यावा लागतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. तेवीस एक मूळ असल्याचं १९२९ साली लेहमर आणि क्राइचिक यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. त्यानंतरची ओळ थेट ३१७ एकांची, ती १९७८ साली ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केली. १०३१ एकांची १९८६ साली विल्यम्स आणि डब्नर यांनी. ४९,०८१ एकांची ओळ मूळ असावी हे १९९९ पासून दिसत होतं, पण ती 'बहुधा मूळ' याच रकान्यात राहिली. सिद्धता २०२२ साली झाली. म्हणजे तेवीस वर्षं गणितज्ञ आमच्या सरांसारखेच म्हणत राहिले, लिहून घेऊ नका. मूळपणा तपासण्याची झटपट आणि बिनचूक रीत असते, हे २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.त मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सिद्ध केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली त्या वेळची सर्वांत मोठी मूळ संख्या एकांच्या ओळीतली नव्हे, दोनाच्या घातातून एक वजा करून मिळालेली आहे, आणि तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. एकांच्या मूळ ओळी कधी संपतात की संपतच नाहीत, हा प्रश्न मात्र अजून कुणालाच सुटलेला नाही.

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीनंतर रंकाळ्यावर चहा पिताना मी आपल्या त्या मित्राला हे सगळं सांगितलं. चाळीसहून अधिक वर्षं उशिरा. मला वाटलं, तो हसून सोडून देईल. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग तिनाचं का चुकत होतं?" मी बाक्यांचे गट पेपर नॅपकिनवर मांडून दाखवले. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे चुकत नव्हतंच. त्याचा गटच एकाचा." पुढं म्हणाला, "सर असते तर बरं झालं असतं, लेका." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

वही अजून आहे का, असं मी विचारलं. घर बदलताना गेली, म्हणाला. म्हणून तिच्यातला नियम इथे या स्मरणिकेत छापून ठेवतो. तो नियम जगाला आधीपासून ठाऊक होता. पण आपल्या वर्गात तो पहिल्यांदा कुणाला दिसला, याची नोंद कुठेच नव्हती. ती आता झाली. त्या दिवशी जे हसले, त्यांनी मेळाव्यात त्याला भेटून काय बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी माझं बोललो आहे.

उठताना त्याने नॅपकिन घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, "तेवीस एकांना शेहेचाळीस लागणार, नाही का?"

हो, शेहेचाळीस.